आधी ७७, मग ३२

जुलै २०२२ मधली गोष्ट. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या आमच्या जर्मनटाउनच्या घरी डायनिंग टेबलवर दोन पाकिटं पडून होती, मेल-इन बॅलटची म्हणजे घरी येणाऱ्या मतपत्रिकेची, एक माझं आणि एक बायकोचं. तिने तिचं काळ्या पेनने भरलं, पाकिटावरच्या शपथेखाली सही केली, तारीख टाकली आणि बाजूला ठेवलं. माझं तसंच, सुपरमार्केटच्या जाहिरातींखाली दबलेलं. मी म्हणत होतो की जाऊदे ना, ही तर नुसती प्रायमरी आहे, पक्षाचा उमेदवार ठरवायची, खरी निवडणूक नोव्हेंबरला. ती म्हणाली, अरे इथे नोव्हेंबरला काय उरतं ठरवायला? तेवढ्यावर मी बसलो, भरलं, आणि संध्याकाळी आम्ही दोघं कम्युनिटी सेंटरच्या बाहेरच्या ड्रॉप बॉक्समध्ये ती पाकिटं टाकून आलो.

नंतर महिनाभर मोजणी चालली. मतदान मंगळवारी १९ जुलैला झालं, पण पोस्टाने आलेली मतं त्या वेळच्या कायद्याने गुरुवारच्या आधी उघडताच येत नव्हती, आणि या वेळी तीच मतं ढिगाने होती. मग रीकाउंट. ऑगस्टच्या शेवटी आमच्या मॉन्टगोमरी काउंटीच्या एक्झिक्युटिव्ह पदासाठी डेमोक्रॅटिक प्रायमरीचा निकाल आला तो असा: मार्क एल्रिच ५५,५०४, डेव्हिड ब्लेअर ५५,४७२. फरक ३२ मतांचा. आमच्या सोसायटीच्या एका गल्लीत याच्यापेक्षा जास्त मतदार आहेत.

आणि हे पहिल्यांदा नव्हतं. त्याच दोन माणसांत, त्याच पदासाठी, २०१८ च्या प्रायमरीत फरक होता ७७ मतांचा. एल्रिच ३७,५३२, ब्लेअर ३७,४५५. म्हणजे दोन्ही वेळा मिळून १०९ मतांवर मेरीलँडमधल्या सगळ्यात मोठ्या काउंटीची आठ वर्षं ठरली. जिथे २०२० च्या जनगणनेत १० लाख ६२ हजार लोक मोजले गेले तिथे.

माझं म्हणणं काय आहे ते आधीच सांगतो म्हणजे वाचताना गोंधळ नको. एल्रिच चांगले की वाईट यावर हा लेख नाहीये. मॉन्टगोमरी काउंटीने गेल्या दहा-बारा वर्षांत निवडणुकीत दोन मोठे बदल केले, एक उमेदवारांना सरकारी पैशाची मदत आणि दुसरा कार्यकाळाची मर्यादा. दोन्हींमुळे उमेदवार वाढतात. पण उमेदवार वाढले की मतं फुटतात, आणि त्यावरचा जो तिसरा बदल आहे, पसंतीक्रमाने मतदान (उमेदवारांना एक-दोन-तीन असे नंबर द्यायचे), तो केलाच नाही. दोन पायांचं स्टूल बनवून ठेवलंय, आणि कोणी पडलं की बसणाऱ्याला दोष देतोय.

भारतातल्या वाचकांसाठी थोडं सांगतो. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा, पण इथला काउंटी एक्झिक्युटिव्ह म्हणजे कलेक्टर आणि जिल्हा परिषदेचा अध्यक्ष एकाच खुर्चीत बसवल्यासारखा, आणि तो थेट लोकांनी निवडलेला. पोलीस, फायर ब्रिगेड, लायब्ररी, राइड ऑन बस, बर्फ पडला की काउंटीच्या रस्त्यांवर फिरणारे नांगर, हे सगळं त्याच्या हाताखाली. बजेट तो मांडतो, कौन्सिल म्हणजे काउंटीची निवडून आलेली सभा ते मंजूर करते, आणि त्या बजेटातला अर्ध्याच्या आसपास पैसा शाळांना जातो, त्यामुळे ज्याची मुलं पब्लिक स्कूलमध्ये आहेत (म्हणजे आपल्यातले बहुतेक सगळेच) त्याच्या घराशी या माणसाचा वॉशिंग्टनमधल्या कुठल्याही सिनेटरपेक्षा जास्त संबंध येतो. महाराष्ट्रात सरपंच थेट निवडायचा की सदस्यांतून यावर २०१७ ला एक निर्णय, २०२० ला उलटा, २०२२ ला परत पहिला, अशी ओढाताण आपण पाहिलीये. इथे १९७० पासून थेटच निवडतात, आणि तो प्रश्न मिटलेला आहे.

न मिटलेला प्रश्न वेगळा आहे. पहिले एक्झिक्युटिव्ह जेम्स ग्लीसन रिपब्लिकन होते, ते १९७८ ला पदावरून गेले, आणि तेव्हापासून या पदावर एकही रिपब्लिकन आलेला नाही. कौन्सिलवरचा शेवटचा रिपब्लिकन २००६ ला हरला. म्हणजे डेमोक्रॅटिक प्रायमरी जो जिंकला तो जिंकलाच, नोव्हेंबर म्हणजे शिक्का मारायचं काम. आणि मेरीलँडमध्ये ही प्रायमरी बंद असते, पक्षात नाव नोंदवलेलं असेल तरच मत. आपली कितीतरी माणसं नागरिकत्वाची शपथ घेतात, तिथेच मतदार नोंदणीचा फॉर्म भरतात, आणि पक्षाच्या रकान्यात 'कुठलाच नाही' वर टिक करतात कारण आपल्याला वाटतं उगाच कशाला पक्षाचा शिक्का. भावना समजते मला, मीही पहिली तीन वर्षं तसाच होतो. पण त्याचा अर्थ असा होतो की प्रायमरीत तुमच्या हातात फक्त स्कूल बोर्डाचं मत उरतं आणि काउंटी कोण चालवणार ते दुसरेच ठरवून मोकळे होतात.

आता एल्रिचबद्दल, कारण या माणसाची कारकीर्द बघितल्याशिवाय ते आकडे कळत नाहीत. जन्म १९४९, वॉशिंग्टनचा, लहानपणीच कुटुंब सिल्व्हर स्प्रिंगला आलं. मोठे झाल्यावर रोलिंग टेरेस नावाच्या प्राथमिक शाळेत १७ वर्षं शिक्षक. १९८७ पासून टाकोमा पार्क या छोट्या शहराच्या कौन्सिलवर, तिथे जवळपास वीस वर्षं. काउंटी कौन्सिलसाठी चार वेळा उभे राहिले आणि चारही वेळा पडले. चार वेळा! आपल्याकडे दोनदा पडलेला माणूस तिसऱ्यांदा दुसऱ्या पक्षाचं तिकीट शोधतो. हे मात्र त्याच पक्षात, तेच मुद्दे घेऊन परत परत उभे राहिले आणि २००६ ला निवडून आले, पूर्ण काउंटीतून निवडायच्या ॲट-लार्ज जागेवर. मग २०१०, मग २०१४. बसला स्वतःची लेन देऊन वेगवान सेवा करायची ही त्यांची कल्पना, वर्षानुवर्षं लावून धरली, आणि ऑक्टोबर २०२० ला रूट २९ वर सिल्व्हर स्प्रिंग ते बर्टन्सव्हिल अशी फ्लॅश बस सुरू झाली. मी ती वापरतो कधीकधी, चांगली आहे.

पटत नाही तेही सांगतो. बिल्डर लोकांवरचा त्यांचा जुना अविश्वास मला समजतो, पण त्याच अविश्वासातून थ्राइव्ह २०५० या काउंटीच्या विकास आराखड्याला त्यांनी विरोध केला, जो कौन्सिलने ऑक्टोबर २०२२ ला मंजूर केला, आणि मला वाटतं तिथे ते चुकले. इथे घरं एवढी महाग झालीत की आमच्या मुलांना त्यांच्या स्वतःच्या गावात घर घेता येणार नाही, आणि घरं वाढवल्याशिवाय ते कसं बदलेल मला कळत नाही. २०२३ ला त्यांनी प्रॉपर्टी टॅक्स १० टक्के वाढवायचा प्रस्ताव ठेवला, शाळांसाठी, कौन्सिलने तो ४.७ वर आणला. त्या वर्षीचं बिल मी दोनदा वाचलं. तरीही म्हणेन की शाळांना पैसा लागणार होता हे त्यांनी तोंडावर सांगितलं, लपवलं नाही.

तर २०१८. आधीचे एक्झिक्युटिव्ह आयझाया लेगेट तीन टर्म करून बाजूला झाले. त्याआधी २०१६ ला मतदारांनी जनमतात मर्यादा घालून ठेवली होती, लागोपाठ तीन टर्म आणि बास, एक्झिक्युटिव्हलाही आणि कौन्सिलरनाही. त्यामुळे एकदम खुर्च्या रिकाम्या झाल्या. त्यात २०१४ च्या कायद्याने सरकारी निधीची योजना पहिल्यांदाच लागू होत होती. ती योजना मला मनापासून आवडते आणि थोडी सविस्तर सांगावीशी वाटते. उमेदवाराने कंपन्यांकडून किंवा बड्या देणगीदारांकडून पैसे घ्यायचे नाहीत, फक्त माणसांकडून, एकाकडून जास्तीत जास्त १५० डॉलर (नंतर ती मर्यादा वाढवली), आणि काउंटीत राहणाऱ्यांनी दिलेल्या पैशावरच काउंटी भर घालणार. एक्झिक्युटिव्हच्या उमेदवाराला पहिल्या ५० डॉलरवर प्रत्येकी ६ डॉलर, पुढच्या ५० वर प्रत्येकी ४, त्यापुढच्या ५० वर २. म्हणजे तुम्ही दीडशे दिलेत तर वरून सहाशे. पण आधी ५०० लोकांकडून मिळून ४० हजार जमवून दाखवायचे, तेव्हा दार उघडतं. विचार करा, निवृत्त शिक्षक हातात क्लिपबोर्ड घेऊन कोणाच्या बेसमेंटमध्ये पन्नास लोकांसमोर बोलतोय आणि तेवढ्यावर त्याचं कॅम्पेन उभं राहतंय. दुसरीकडे ब्लेअर, आरोग्य क्षेत्रातल्या कंपनीतून श्रीमंत झालेले उद्योजक, त्यांनी दोन्ही वेळा स्वतःच्या खिशातले लाखो डॉलर ओतले. तरी ते हरले, थोडक्यात का होईना. ही योजना नसती तर एल्रिच त्या पैशासमोर टिकले नसते असं माझं ठाम मत आहे.

पण मग काय झालं? दारं उघडली तसे लोक आले, आणि यायलाच हवे होते. २०१८ च्या प्रायमरीत एक्झिक्युटिव्हसाठी सहा जण: एल्रिच, ब्लेअर, रॉकव्हिलच्या माजी महापौर रोझ क्रॅस्नो, कौन्सिलमधलेच रॉजर बर्लिनर आणि जॉर्ज लेव्हेन्थल, आणि विधानसभेतले बिल फ्रिक. ॲट-लार्ज कौन्सिलच्या चार जागांसाठी तर ३३ जण! ती मतपत्रिका मला अजून आठवते, नावांचा कॉलम संपतच नव्हता, माझ्या पुढच्या बाई बूथमध्ये इतका वेळ उभ्या होत्या की मला वाटलं काही अडचण झाली का. निकाल काय, तर एल्रिच २९ टक्के, ब्लेअरही २९ टक्केच, उरलेले ४२ टक्के चार जणांत वाटले गेले. म्हणजे मतदान केलेल्या दर दहातल्या सात जणांची पहिली निवड जिंकणारा नव्हती. त्या सातांना दुसरं कोण चाललं असतं हे कोणी विचारलंच नाही, कारण मतपत्रिकेत विचारायची सोयच नव्हती.

याचा परिणाम लगेच दिसला. एवढ्या थोडक्या फरकाने निकाल लागल्यावर कौन्सिलच्या नॅन्सी फ्लोरीन, सोळा वर्षं डेमोक्रॅट म्हणून कौन्सिलवर असलेल्या, यांनी पक्ष सोडला, हजारो सह्या गोळा केल्या आणि नोव्हेंबरला अपक्ष उभ्या राहिल्या. रिपब्लिकनांकडून रॉबिन फिकर, ज्यांनी २०१६ च्या मर्यादेची मोहीम चालवली होती. एल्रिच सहज निवडून आले. पण तो अपक्ष अर्ज का आला याचा विचार करा ना. २९ टक्क्यांवर आलेल्या माणसाला काउंटीतले बरेच लोक 'आपला' म्हणायला तयार नव्हते. यात त्या माणसाचा काय दोष? त्याने नियमाप्रमाणे शर्यत जिंकली, नियमच असा की शर्यत संपली तरी लोकांच्या मनातली संपत नाही.

२०२२ ला परत तेच. या वेळी चार उमेदवार, त्यात हान्स रीमर तिसरे, २८,१९३ मतं. एल्रिच आणि ब्लेअर यांच्यात अंतर ३२, आणि बाजूला २८ हजार मतं पडून आहेत ज्यांचं या दोघांबद्दल काहीतरी मत नक्कीच होतं! माझ्या बायकोने रीमरना मत दिलं होतं. मी तिला विचारलं की या दोघांतलं कोण चाललं असतं, तर तिने एका सेकंदात उत्तर दिलं. ते मी इथे लिहीत नाही कारण ते तिचं आहे. पण ते उत्तर मतपत्रिकेवर लिहायला जागा हवी होती.

हे सगळं मी पुण्याला बाबांना फोनवर सांगत होतो. बाबा निवृत्त शिक्षक, पदवीधर मतदारसंघाचं मतदान त्यांनी कधी चुकवलेलं नाही. मी आपलं समजावतोय की इकडे एक नवीन पद्धत सुचवतायत, उमेदवारांना एक-दोन-तीन असे नंबर द्यायचे, ज्याला सगळ्यात कमी त्याला बाद करायचं, त्याची मतं दुसऱ्या पसंतीकडे सरकवायची, असं कोणीतरी अर्ध्याच्या वर जाईपर्यंत. बाबा म्हणाले, "अरे, नवीन काय त्यात? आम्ही विधान परिषदेला हेच करतो की. जांभळा पेन देतात हातात, आकडे टाकायचे." खरंच की. अमेरिकेत ज्याला फार क्लिष्ट म्हणून घाबरवतात ते आपल्याकडे मतपेटीवर वर्षानुवर्षं चाललंय. कोटा, पहिल्या पसंतीची मतं, बाद फेरी, हे शब्द आपल्या पेपरात सर्रास येतात. २०२३ ला अमरावती पदवीधरची मोजणी दुसऱ्या दिवशीपर्यंत चालली होती, लोक वैतागले, पण निकाल लागला तेव्हा 'याला तर पंचवीस-तीस टक्केच मिळाली' असं म्हणायची सोय राहिली नाही. वेळ लागतो हा आक्षेप मला म्हणूनच पटत नाही. आम्ही इथे साध्या पद्धतीनेच पाच आठवडे घालवले, हातात काय आलं तर ३२.

आणि लांब महाराष्ट्रात कशाला जा, टाकोमा पार्क! ज्या शहरातून एल्रिच वर आले तेच. तिथे २००७ पासून शहराच्या निवडणुका पसंतीक्रमाने होतात, नंबर टाकून, काहीही कोसळलेलं नाही. त्याच शहराने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून नागरिक नसलेल्या रहिवाशांनाही शहराच्या निवडणुकीत मत दिलंय, म्हणजे तिथे भाड्याने राहणारा एच-वन बी वाला मुलगाही आपल्या वॉर्डाचा प्रतिनिधी निवडू शकतो, आणि २०१३ पासून सोळा वर्षांच्या मुलांनाही मत आहे. आपल्यातल्या कितीजणांना हे माहीत असतं? मी विचारून पाहिलंय मंडळाच्या कार्यक्रमात, दोन हात वर आले.

मग काउंटी का नाही करत? कारण शहर आपली निवडणूक स्वतः घेतं, काउंटीची निवडणूक राज्याच्या कायद्याने होते. मॉन्टगोमरीला परवानगी द्या, एवढंच मागणारं विधेयक राज्याच्या राजधानीत, अनापोलिसला, पुन्हा पुन्हा मांडलं गेलं आणि पुन्हा पुन्हा अडकलं. कोणावर सक्ती नाही, फक्त परवानगी. तेही होत नाही. मला यात कट वगैरे दिसत नाही, मला दिसतं ते एवढंच की जे आमदार आजच्या पद्धतीने निवडून आलेत त्यांना ती बदलायची घाई नाही, आणि आपण मतदार त्यांना फोन करत नाही.

फोन करायच्या ऐवजी आपण काय केलं? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये आणखी एक जनमत आलं, एक्झिक्युटिव्हला तीन नाही, लागोपाठ दोनच टर्म. मोहिमेत पुढे होते रिअर्डन सुलिव्हन, जे २०२२ ला एल्रिच यांच्यासमोर रिपब्लिकन उमेदवार होते. मोठ्या बहुमताने पास झालं. मित्र म्हणाले की बरं झालं, ३२ मतांचा माणूस गेला. मी विरोधात मत दिलं होतं, आणि आजही देईन. सलग निवडून येणाऱ्याला काढायचा अधिकार माझ्याकडे दर चार वर्षांनी आहेच, तो नीट वापरता यावा अशी पद्धत द्या ना, त्याऐवजी तुम्ही मला त्याला परत निवडायचाच अधिकार काढून घेताय. आणि मूळ दुखणं तर तसंच. खुर्ची रिकामी झाली की गर्दी होणार, गर्दी झाली की मतं फुटणार, फुटली की परत कोणीतरी तीसेक टक्क्यांवर निवडून येणार. २०२६ साठी कौन्सिलमधल्याच तिघांनी उमेदवारी जाहीर केली, अँड्र्यू फ्रीडसन, इव्हान ग्लास आणि विल जवांडो, तिघंही डेमोक्रॅट, तिघांचा आपापला मतदार आहे. एल्रिच स्वतः पुन्हा ॲट-लार्ज कौन्सिलच्या जागेसाठी उभे राहिले, म्हणजे मर्यादेने माणूस राजकारणातून गेलाच नाही, फक्त खुर्ची बदलून बसायला निघाला, आणि तो त्याचा पूर्ण हक्क आहे.

कोणी म्हणेल की पसंतीक्रम असता तरी कदाचित एल्रिचच जिंकले असते. असतीलही. किंवा ब्लेअर. किंवा २०१८ ला क्रॅस्नो, कारण दोघांच्याही लोकांची दुसरी पसंती बहुतेक त्या असत्या असं मला वाटतं, पण ते माझं वाटणं झालं. मला विशिष्ट माणूस नकोय. मला असा निकाल हवाय की ज्यात हरलेल्या उमेदवाराचा मतदारही म्हणू शकेल की माझं मत शेवटच्या फेरीपर्यंत मोजलं गेलं. एल्रिचनाही त्याने बळच मिळालं असतं, टॅक्सचा कडू प्रस्ताव घेऊन कौन्सिलसमोर उभं राहताना पाठीशी ५२ टक्के असणं आणि ३२ मतं असणं यात फरक आहे.

दुसऱ्या बाजूचा एक मुद्दा मात्र मी मान्य करतो. काही लोक एकच नाव लिहितील, नंबर पुढे टाकणारच नाहीत, आणि त्यांचं मत शेवटच्या फेरीआधी संपेल. ज्यांना इंग्रजी कमी येतं, जे पहिल्यांदा मतदान करतायत, त्यांच्यात हे जास्त होईल. हे खरं आहे आणि यावर उपाय म्हणजे शिकवणं, शाळेत, लायब्ररीत, देवळात, आपल्या मंडळात. बाबांच्या वयाच्या माणसांनी जांभळ्या पेनने शिकून घेतलं तसंच.

आमच्या घरात या वर्षी तिसरं पाकीट येणार आहे. मुलगी ऑक्टोबरमध्ये अठराची होईल, आणि मेरीलँडच्या नियमाने नोव्हेंबरच्या आत अठरा पूर्ण होत असतील तर सतराव्या वर्षीच प्रायमरीत मत देता येतं. फॉर्म भरताना पक्षाच्या रकान्यापाशी ती थांबली आणि मला विचारलं की हे भरलंच पाहिजे का. आम्ही तासभर बोललो, मग तिने तिचं ठरवलं. त्याच टेबलावर मी आमच्या भागातल्या राज्याच्या आमदारांना, म्हणजे तीन डेलिगेट्सना आणि एका सिनेटरला, पत्र लिहिलं, चारही पत्रांत तेच चार आकडे टाकले, ३७,५३२, ३७,४५५, ५५,५०४, ५५,४७२, आणि खाली विचारलं की परवानगीच्या विधेयकावर तुमचं मत हो आहे की नाही. अजून एकाचंच उत्तर आलंय, बाकी तिघांना पुढच्या आठवड्यात फोन करणार आहे.